खेळात अलास्का नव्हतं

चर्चमधून आल्या आल्या ल्युसिंडानं सुपाचं सगळ्यात मोठं पातेलं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं. आत सूप नव्हतं.

"फोन," ती म्हणाली. "सगळ्यांचे. बाप्तिस्मा एकदाच होतो माणसाचा."

तळघरातल्या त्या लांब टेबलाभोवती क्षणभर कुणी हललं नाही. मग लेक डेल्फिनानं आपला फोन आत टाकला. तिच्या मांडीवर आजची उत्सवमूर्ती, नुकतीच मान धरू लागलेली अमेलिया, पांढऱ्या झालरींत बुडून झोपली होती. जावई रेमीनं टाकला. ल्युसिंडाचा भाऊ ओनोफ्रे मात्र खिशावर हात ठेवून बसला.

"ताई, आज मॅच आहे."

"मॅच दर रविवारी असते."

"बाप्तिस्मेही दर रविवारी असतात. पाद्रीच म्हणाला."

"ओनोफ्रे."

ओनोफ्रेचा फोन पातेल्यात गेला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, रविवारचं जेवण बहिणीकडे असे, आणि बहिणीशी वाद घालून जेवण मिळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता सगळे ल्युसिंडाच्या नवऱ्याकडे, नॉर्बर्टोकडे बघू लागले. त्यानं फोन असा काढला, जसा एखादा पोलीस नोकरी सोडताना पिस्तूल काढून ठेवतो. पातेल्याच्या कडेला लावून अलगद आत सोडला, पडद्याची बाजू वर ठेवून. ते ल्युसिंडाच्या नजरेतून सुटलं नाही. तिच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही, असं ती स्वतःच सांगत असे. फॉल रिव्हर गावातल्या त्या चढावरच्या रस्त्याला अशी तिमजली लाकडी घरं ओळीनं उभी आहेत. या घरात खाली सासू झुल्मीरा, मध्ये ती आणि नॉर्बर्टो, वर डेल्फिनाचा संसार, आणि सगळ्यांच्या पायाखाली हे तळघरातलं मोठं स्वयंपाकघर. तिन्ही मजल्यांवर कुठे काय शिजतंय हे जिन्यात उभं राहून ती वासावरून सांगू शकत असे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एक खोड लागते. आपण नसलो तर दीडशे म्हातारी माणसं उपाशी मरतील, असं वाटायला लागतं. मागच्या वर्षी ती आठवडाभर आजारी होती, तेव्हा कुणी मेलं नाही. उलट, भात बरा झाला होता असं कुणीतरी म्हणालं. ते तिनं अजून मनात ठेवलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "सूप गार होतंय."

*

नॉर्बर्टोला सुपाची चव लागत नव्हती. तीन वाजता हल्ला होता.

हा माणूस एक्कावन्न वर्षांचा, घरोघरी जाऊन तेलाचे बॉयलर दुरुस्त करणारा, गुडघ्यांनी बेजार. आणि हाच माणूस इंटरनेटवरच्या एका युद्धाच्या खेळात 'लोखंडी बगळे' नावाच्या फौजेचा सरसेनापती होता. जगभरातली शंभरेक माणसं त्याला 'चीफ' म्हणत. त्यात एक दंतवैद्य होता, दोन वकील होते आणि कॅनडातल्या विनिपेगचा एक निवृत्त इंजिनड्रायव्हर होता, ऑरव्हिल नावाचा. तोच नॉर्बर्टोचा उपसेनापती. घरात मीठ मागितलं तर दोनदा मागावं लागे. तिथे मात्र 'उत्तरेच्या पुलावर चला' एवढं लिहिलं की शंभर माणसं चालू लागत. अशा गोष्टीची सवय लागू नये, पण लागते. नॉर्बर्टोला ते कळत होतं, आणि आपल्याला कळतंय याचाही थोडा अभिमान होता.

फौजेचे नियम त्यानंच लिहिले होते. पहिलाच नियम: घर आधी, खेळ नंतर. सांगून गैरहजर राहिलात तर कुणी ब्र काढणार नाही. ल्युसिंडानं एकदा तो नियम वाचला होता आणि हसता हसता तिला खुर्चीत बसावं लागलं होतं.

आज त्यानं नियम पाळला होता. सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यानं ऑरव्हिलला सगळं लिहून पाठवलं: कुणी कुठून शिरायचं, कुणाला मागे ठेवायचं. ऑरव्हिल माणूस हुशार, पण घाबरट. गडाचं दार उघडलं की त्याला वाटे आपल्यालाच आत ओढून घेतील.

पण नॉर्बर्टोचं जेवणात लक्ष नव्हतं ते हल्ल्यामुळे नव्हे. समोर बसलेल्या रेमीमुळे.

रेमी हा विमानांची इंजिनं दुरुस्त करणारा शांत मुलगा. सासऱ्याच्या फौजेत तो लग्नाआधीपासून होता. खरं तर लग्न जुळलं ते थोडंफार त्यामुळेच. तर पंधराएक दिवसांपूर्वी या रेमीनं वरच्या मजल्यावरून मधल्या मजल्यावर एक निरोप पाठवला. जावई म्हणून नाही, शिपाई म्हणून.

'चीफ, पुढच्या महिन्यापासून माझी वेळ चार तास मागे जाईल. अलास्कात, अँकरेजला नोकरी मिळाली आहे. घरी अजून कुणाला माहीत नाही. हे आपल्यातच ठेवाल का?'

आणि नॉर्बर्टोनं काय करावं? उठून जिना चढावा, दार ठोठावावं आणि विचारावं, अरे बाबा, अलास्का? माझी नात घेऊन? त्यानं यातलं काही केलं नाही. त्यानं लिहिलं:

'अभिनंदन. आपल्यातच राहील. घरच्यांना सावकाश सांगा. फौजेत तुमची जागा तुमचीच आहे.'

दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघं समोरासमोर आले. रेमीच्या हातात लंगोटांचा खोका, नॉर्बर्टोच्या हातात हत्यारांची पेटी.

"गारठा आहे आज," रेमी म्हणाला.

"आहे खरा," नॉर्बर्टो म्हणाला.

अलास्काबद्दल त्यांच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

*

हिरव्या पालेभाजीचं सूप संपलं, मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मटण आलं. झुल्मीरानं दूधभात पुढे ओढला. तिला सगळे 'वावो' म्हणत. म्हणजे आजी. दूधभातावर तिनं दालचिनीची पूड चिमटीनं सोडून 'अ' काढला होता, आणि तो मोडेल म्हणून ती कुणाला चमचा घालू देत नव्हती.

पातेलं घूं घूं करू लागलं.

"माझा आहे," ओनोफ्रे म्हणाला आणि ल्युसिंडा वळायच्या आत त्यानं हात घातला. "गोल झाला असणार. एकच नजर टाकतो."

हातात आला तो नॉर्बर्टोचा फोन. पडद्यावर निरोप झळकत होता. ओनोफ्रेला राहवलं नाही. मेव्हण्याच्या फौजेची टिंगल करणं हा त्याचा रविवारचा दुसरा कार्यक्रम.

"ऐका, ऐका! राजधानीतून खलिता आलाय." त्यानं घसा साफ केला. "'चीफ, दक्षिण दार पडतंय. आणि रेमी अलास्काला जाऊन स्थिरस्थावर होईपर्यंत त्याच्या तुकडीला कोण?' वा! नॉर्बर्टो, तुमच्या खेळात अलास्काही आहे?"

ओनोफ्रे हसला. तो एकटाच हसला.

डेल्फिनाचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. रेमी ताटातल्या बटाट्याकडे असा बघत राहिला, जणू त्याचा एखादा भाग सुटून पडलाय. नॉर्बर्टोनं डोळे मिटून घेतले.

ल्युसिंडानं तिघांकडे एकामागून एक पाहिलं.

"खेळात अलास्का आहे का, डेल्फिना?"

"नाही, मम्मा."

"मग कुठे आहे?"

"मम्मा, आम्ही आज संध्याकाळी सांगणारच होतो. सगळे गेल्यावर. रेमीला चांगली नोकरी मिळालीये. राहायला घर देतायत."

"घर आहे की तुम्हाला. जिना चढलं की आहे."

"ते तुझं घर आहे."

अमेलियानं झोपेत उसासा टाकला. ल्युसिंडा खुर्चीला धरून उभी होती. ती काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"त्या विनिपेगच्या म्हाताऱ्याला माहीत होतं," ती हळू म्हणाली. "म्हणजे तुलाही."

"ल्युसिंडा..."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील. त्यानं मला विश्वासानं सांगितलं. म्हणजे... चीफ म्हणून."

"चीफ म्हणून."

"तिथे कुणी खाजगीत सांगितलेलं बाहेर जात नाही. नियम आहे."

"ऑरव्हिलकडे गेलं की!"

"त्याला तुकड्या लावायच्या असतात. त्याला सांगावंच लागतं..." आपण काय बोलतोय ते नॉर्बर्टोच्या कानांना ऐकू आलं आणि त्याचा आवाज बुडाला.

"कॅनडातल्या अनोळखी माणसाला सांगावंच लागतं. माझ्या शेजारी झोपतोस, मला सांगावं लागत नाही."

"माझा मुलगा खोटं बोलणारा नाही," झुल्मीरा म्हणाली. मुलाची बाजू ती सवयीनंच घेत असे.

"खोटं बोलायला आधी बोलावं लागतं, माई," ल्युसिंडा म्हणाली.

झुल्मीरानं विचार केला. चमचा खाली ठेवला. "हे मात्र खरं," ती म्हणाली आणि खुर्ची सुनेच्या दिशेनं सरकवली.

आता डेल्फिना नवऱ्याकडे वळली. "आपलं काय ठरलं होतं? कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही! आणि तू सगळ्यात आधी पपांना सांगितलंस?"

"पपांना नाही सांगितलं," रेमी म्हणाला. "चीफना सांगितलं."

"ते एकच आहेत, रेमी!"

"माहितीये," तो म्हणाला. "पण वाटत नाही तसं."

"माझं ऐकाल तर," ओनोफ्रे मध्येच म्हणाला. ज्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली, त्याचा आज त्याला कळवळा आला होता. "शब्द दिला तर पाळावा लागतो. नॉर्बर्टोचं काही चुकलं असं मला..."

"तू गप्प बस आणि मटण खा," ल्युसिंडा म्हणाली. तिनं पातेल्यातून नवऱ्याचा फोन उचलला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं नॉर्बर्टोला वाटलं. "जा. दक्षिण दार पडतंय तुझं."

*

रेमीला सासरे सापडले ते वरच्या मजल्याच्या मागच्या गच्चीत. हा तर त्याचाच मजला होता. पळून जायलाही घरात दुसरी जागा नव्हती. नॉर्बर्टो उलट्या बादलीवर बसला होता, हातात फोन. खाली नदीवरचा पूल आणि त्यापलीकडे करडं आकाश. पडद्यावर एकामागून एक निरोप येत होते: चीफ? चीफ, आहात का? चीफ, पश्चिमेकडून शिरतायत.

"तुम्ही उत्तर देत नाही?" रेमीनं विचारलं.

"काय लिहू? 'बायकोनं फोन परत दिलाय' असं लिहू?"

रेमी शेजारी जमिनीवरच बसला. आपण काय माणूस आहोत, असं त्याला दुपारपासून वाटत होतं. अख्खं इंजिन उतरवून, पुसून, परत बसवतो. त्यातून तीनशे माणसं आकाशात उडतात, आणि आपल्याला झोप लागते. पण सासूला एक वाक्य सांगायचं, तर जिना उतरवत नाही. तो निरोपसुद्धा त्यानं न्हाणीघरात, नळ सोडून लिहिला होता. लिहिण्याचा आवाज येत नाही, हेही त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

"एक विचारू?" नॉर्बर्टो म्हणाला. "मलाच का सांगितलंस?"

"तुम्ही रागावला नसता म्हणून."

"मी? मी तर रागावतोच. बॉयलरवर रागावतो, बर्फावर रागावतो."

"तुम्ही रागावता. चीफ नाही रागावत." रेमी कठड्याच्या गजांकडे बघत बोलत होता. "ऑरव्हिलची बायको गेली तेव्हा तुम्ही त्याच्याशी रोज बोलत होता. महिनाभर. लढाया सुरू असायच्या आणि तुम्ही विचारायचा, आज जेवलास का, काय जेवलास. सगळ्यांनी वाचलंय ते. आणि इथे... रागावू नका. अमेलिया झाली त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मला म्हणालात, 'पार्किंग महाग आहे.'"

"महागच होतं," नॉर्बर्टो म्हणाला.

"हो."

"खूप आनंद झाला होता मला. म्हणून म्हणालो."

"ते मला आता कळतंय. तेव्हा नाही कळलं."

नॉर्बर्टोच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच वाकडं झालं. त्यानं बाहीनं नाक पुसलं. फोन पुन्हा थरथरला. त्यानं पाहिलं, दोन शब्द लिहिले आणि फोन खिशात टाकला.

"काय लिहिलंत?"

"'घरी आहे.'"

"दार जाईल."

"जाऊ दे. तू डेल्फिनाकडे जा. आणि नळ न सोडता बोल."

रेमी दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाण्याच्या नळ्या माझ्याच भिंतीतून जातात, बाबा. त्या दिवशी अर्धा तास पाणी वाहत होतं. मला वाटलं, गळतंय कुठेतरी. तपासायला येणार होतो."

*

तळघरात बायकाच उरल्या होत्या. ओनोफ्रे गाडीत बसून रेडिओवर मॅच ऐकत होता. ताटं कुणी उचलली नव्हती, आणि ल्युसिंडानं त्यांना हातही लावला नव्हता. डेल्फिनाला तेच सगळ्यात भीतीदायक वाटलं.

"मी आले ना इकडे," झुल्मीरा अचानक म्हणाली, "तेव्हा मी आईला तिकीट काढल्यावरच सांगितलं."

ही गोष्ट त्या घरात कुणी ऐकली नव्हती. वावो ज्या बेटावरून इकडे आली होती, तिथल्या तिच्या गोष्टी म्हणजे गाई, धुकं आणि एका चुलत भावाचा पाय.

"मग?" डेल्फिनानं विचारलं.

"मग काही नाही. सगळं गाव पोचवायला आलं. आई नाही आली. म्हणाली, कोंबड्यांना दाणे टाकायचेत." तिनं दालचिनीचा 'अ' चमच्यानं मधोमध कापला आणि पहिला घास सुनेच्या ताटलीत वाढला. "मला वाटलं, रागावली. वर्षानुवर्षं मी तेच धरून बसले. पण ल्युसिंडा, तिच्याकडे कोंबड्या नव्हत्याच त्या वर्षी. मी निघायच्या आधीच विकल्या होत्या आम्ही."

ल्युसिंडानं भाताचा घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"मी काय एवढी वाईट आहे का गं," तिनं लेकीला विचारलं, "की मला सांगायला हिंमत लागावी?"

"वाईट नाहीस," डेल्फिना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं. "मम्मा, मी आठ महिन्यांची पोटुशी असताना तू माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं लावून ठेवलीस. मला अजून चाळणी सापडलेली नाही."

"वरच्या खणात. डावीकडे."

"मला माझ्या हातानं कुठेतरी ठेवायचीये चाळणी. एवढंच."

"त्यासाठी अलास्का?"

"नोकरीसाठी अलास्का. चाळणी त्यात आलीच."

झुल्मीरा बोळक्या तोंडानं हसली. ल्युसिंडालाही हसू आलं असतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. मग तिनं हात पुढे केले, आणि डेल्फिनानं झोपलेली अमेलिया तिच्या हातात दिली.

*

नॉर्बर्टो खाली आला तेव्हा मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ल्युसिंडा एकटीच होती. सासू आपल्या खोलीत आडवी झाली होती, डेल्फिना बाळाला घेऊन वर गेली होती. उरलेलं मटण डब्यांत भरता भरता ल्युसिंडा थांबली होती. कुणाला किती द्यायचं हा हिशेब आज तिला जमत नव्हता.

तो दारात उभा राहिला. काय बोलावं ते वरून येताना जिन्यात त्यानं ठरवलं होतं, आणि शेवटच्या पायरीवर विसरलाही होता. फौजेत कुणी नवा माणूस आला की तो त्याला दोन-तीन साधे प्रश्न विचारत असे. दुसरं काहीच आठवेना, तेव्हा त्यानं तेच विचारले.

"तुला काय हवंय?" तो म्हणाला. "आणि काय जमणार नाही तुला? ते आधी सांग."

ल्युसिंडानं हातातला डबा खाली ठेवला. "कुणी शिकवलं हे?"

"मीच विचारतो. तिथे. सगळ्यांना."

"आणि लोक सांगतात?"

"भरभरून सांगतात. एका वकिलानं त्याच्या घटस्फोटाचं सगळं सांगितलं. मी फक्त विचारलं होतं की तुला संध्याकाळी जमेल का."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. तोही बसला. टेबलावर झाकण नसलेले डबे होते.

"मला जमणार नाही," ती म्हणाली, "इथे बसून फोनवर त्या पोरीचं तोंड बघायला. ते मला जमणार नाही. मला तिकडे जायचंय. थंडी संपेपर्यंत. डेल्फिनानं बोलावलं तर, हं. मी विचारणार आहे तिला, सांगणार नाहीये."

"वृद्धाश्रम?"

"भात बरा करतात ते माझ्याशिवाय."

"आणि मी?"

"तू येऊ नकोस." तो काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. "लगेच नको. तू आलास की मी तुझी थाळी वाढत बसेन, तुझे मोजे शोधत बसेन, आणि पोरगी रांगायला लागलेली मला कुणीतरी नंतर सांगेल. उन्हाळ्यात ये. इथे माई आहे, बॉयलर आहेत, तुझे बगळे आहेत."

नॉर्बर्टोला वाटलं, आपण आता काहीतरी पार्किंगसारखं बोलणार. त्यानं जीभ चावली.

"मला एकट्याला भीती वाटेल," तो म्हणाला.

ल्युसिंडानं डब्याचं झाकण हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं.

"मलाही," ती म्हणाली. "विमानात मी एकटी कधी बसलेय?"

"रेमीला विचार. तोच दुरुस्त करतो ती."

"म्हणूनच भीती वाटते."

दोघं हसले. मग ती म्हणाली, "त्या गोष्टीचा राग मात्र गेलेला नाही माझा. पंधरा दिवस. ते मी विसरणार नाहीये."

"विसरू नकोस."

"तुझ्या लढाईचं काय झालं?"

"हरलो. गड गेला. ऑरव्हिल म्हणतो, दोष त्याचा. दंतवैद्य म्हणतो, दोष वकिलांचा."

"वाईट वाटतंय?"

नाही म्हणावं असं नॉर्बर्टोला वाटलं. "हो," तो म्हणाला. "हसू नकोस. खूप वाईट वाटतंय."

ती हसली नाही.

वरच्या मजल्यावर काहीतरी जड वस्तू सरकली. मग आणखी एक. चिकटपट्टी ओढल्याचा लांब, कर्कश आवाज आला. ते सामान बांधत होते, आणि आता उघडपणे बांधत होते. काहीतरी पडलं, डेल्फिना ओरडली, रेमी काहीतरी म्हणाला आणि दोघंही हसले.

ल्युसिंडा उठली. ॲप्रनला हात पुसत, सवयीनं जिन्याच्या दारापर्यंत गेली. काचेची भांडी ते वर्तमानपत्रात गुंडाळणार नाहीत, तिला खात्री होती. तिचा हात कडीवर पडला.

"बोलावलंय त्यांनी?" तिनं वळून विचारलं.

"नाही," नॉर्बर्टो म्हणाला.

वर पुन्हा काहीतरी पडलं आणि फुटलं. या वेळी नक्की काचेचं. ल्युसिंडानं कडी सोडली, परत आली आणि खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि छताकडे बघत तशीच बसून राहिली.